अण्णांची पट्टी चुकीची नाही

वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एकाच घरातून पाच प्रश्न आले. घरचे वडीलधारे, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, ते गेल्या श्रावणात गेले. सतरा वर्षं नौदलात शिपराइट, म्हणजे जहाजावरचे सुतार-मिस्त्री. १९७८ ला घरी परतल्यावर तीस वर्षं शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीसाठी, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांसाठी, लाकडी पॅटर्न करायचे. पॅटर्न म्हणजे ज्यावरून मातीचा साचा घेतात तो नमुना. वर्षश्राद्धाला पैपाहुणे जमतील तेव्हा अण्णांचं काम सगळ्यांना नीट बघता यावं, अशी घरच्यांची इच्छा आहे. त्याच विषयावर दोन-तीन पत्रं इतरांचीही आहेत. नौदलातल्या, पॅटर्नच्या आणि जुन्या कागदपत्रांच्या कामातल्या जाणकारांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. सगळ्यांचं सांगणं एकच: अंक वाचून होईपर्यंत पेटीतलं काही घासू नका, पुसू नका, टाकू नका.

प्रश्न : अण्णांच्या पेटीत एक स्टीलची पट्टी आहे. मुलाच्या कंपासमधल्या पट्टीला लावून बघितली तर ३० सेंटिमीटरला जवळजवळ ३ मिलिमीटर जास्त भरते. भाऊ म्हणतो चुकीची आहे, भंगारात टाक. अण्णा चुकीची पट्टी कशाला ठेवतील? माळ्यावर त्यांनी केलेले वीस-बावीस लाकडी जॉबही आहेत. ते पॉलिश करून मांडावेत का? (राजारामपुरीतील मुलगी)

उत्तर : ताई, पट्टी चुकीची नाही. अण्णांच्या पेटीतली ती सगळ्यात बोलकी वस्तू आहे. तिला श्रिंकेज स्केल म्हणतात. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं की थिजताना आणि गार होताना ते आक्रसतं. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आक्रसणं साधारण शंभराला एक, म्हणजे मीटरला १० मिलिमीटर. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, ५०० मिमी भरायला हवं असेल तर लाकडी पॅटर्न ५०५ मिमीचं करावं लागतं. दर मापाला असा हिशोब करत बसलं तर कुठेतरी एक आकडा चुकतो आणि सगळा जॉब वाया जातो. म्हणून पट्टीवरचे आकडेच आधी ताणून छापलेले असतात. मिस्त्री ड्रॉइंगवरचं माप जसंच्या तसं त्या पट्टीने लाकडावर घेतो, वाढ आपोआप येते.

आता एक करा. कंपासमधली प्लॅस्टिकची पट्टी नको, एक चांगली साधी स्टीलची पट्टी आणा. दोन्हींचे शून्य एका रेषेत घट्ट धरा आणि अण्णांच्या पट्टीवरचा ३०० चा आकडा साध्या पट्टीवर कुठे पडतो ते भिंगातून बघा. ३०३ वर पडला तर अण्णांचं काम मुख्यतः बिडाचं. ३०४ च्या जवळ पडला तर अॅल्युमिनियम, ३०४.५ च्या आसपास पितळ, ३०६ वर पोलाद. ३०७ च्या आसपास गेला तर ती दुहेरी आकुंचनाची पट्टी असू शकते: आधी लाकडाचा मास्टर, त्यावरून अॅल्युमिनियमचं पॅटर्न आणि मग त्यावरून बिडाचं कास्टिंग, म्हणजे दोनदा आक्रसणं धरायचं. हे काम हाती सोपवलेला मिस्त्री मुरलेला असतो. पोलादाची आणि दुहेरीची पट्टी मापात फार जवळ येतात, म्हणून टोकाला किंवा मागच्या बाजूला काही कोरलंय का तेही बघा. जुन्या इंची पट्ट्यांवर 'फुटाला एक अष्टमांश' असं प्रमाण असतं. ते बिडासाठी. एक चतुर्थांश असेल तर पोलाद. जे सापडेल ते चिठ्ठीवर लिहून पट्टीशेजारी ठेवा. चिठ्ठी दोऱ्याने बांधा, पट्टीला चिकटवू नका. पट्टीवर गंज असेल तर शिलाई मशीनचं तेल लावून मऊ कापडाने पुसा. हट्टी डागाला पेन्सिलीचं खोडरबर फिरवा. पॉलिशपेपर लावला तर आकडे जातील, आणि आकड्यांशिवाय ती नुसती पत्र्याची पट्टी.

जॉबचं, म्हणजे त्या पॅटर्नचं, म्हणाल तर पॉलिश अजिबात करू नका. कारणं सांगतो.

पॅटर्नला बाजूने नीट बघा. त्याच्या उभ्या बाजू काटकोनात नसतात, किंचित निमुळत्या असतात. मातीच्या साच्यातून पॅटर्न वर ओढताना कड ढासळू नये म्हणून हा उतार, त्याला ड्राफ्ट म्हणतात. एक अंशाचा उतार १०० मिमी उंचीला पावणेदोन मिमी होतो. हौशी पॉलिशवाला गुण्या लावून म्हणेल 'बाजू तिरकी आहे, सरळ करून देतो', आणि अण्णांची अक्कल तासून टाकेल. आतल्या कोपऱ्यात मेणाची किंवा चामड्याची गोल पट्टी बसवलेली असेल. धारदार कोपऱ्यातली माती ओतताना सुटते आणि गार होताना तिथेच कास्टिंगला तडा जातो, म्हणून ती. टर्पेंटाइनच्या फडक्याने मेण विरघळतं, गरम हवेने चामडं सुटतं. काही जॉबवर विनाकारण चिकटवल्यासारखे दांडू दिसतील. ते कोअर प्रिंट. पोकळ भागासाठी वाळूचा गाभा साच्यात ज्या खोबणीत बसतो ती खोबण हे दांडू करतात. जोडीला रिकाम्या पेटीसारखं लाकूड सापडलं तर तो कोअर बॉक्स. तो आणि त्याचं पॅटर्न वेगळं करू नका. दोन फाळ्यांचा जॉब असेल तर आत खुंट्या असतात. फाळ्या हलवून बघा, पण स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. एखादा तुकडा सुटा निघून हातात आला तर तो मोडलेला समजू नका. लूज पीस मुद्दाम सुटा ठेवलेला असतो, कारण तो साच्यातून नंतर, आडवा काढायचा असतो.

रंगांनाही अर्थ असतो: कुठे मशिनिंग होणार, कुठे कास्टिंग तसंच राहणार, कुठे गाभा बसणार. पण हा संकेत सगळीकडे एकसारखा नव्हता, प्रत्येक शॉपची आपली रीत असायची. म्हणून लाल म्हणजे अमुक असं ठोकून लिहू नका. रंगाचा फोटो घ्या आणि उद्यमनगरातल्या किंवा शिरोलीतल्या एखाद्या जुन्या मोल्डरला, म्हणजे साचे भरणाऱ्याला, दाखवा. तो हातात घेऊन जॉब ओळखेल, कदाचित कुठल्या इंजिनाचा तेही सांगेल.

मांडणीसाठी एवढंच: कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा. प्रत्येक जॉबचे सहा बाजूंनी फोटो काढा, शेजारी साधी पट्टी ठेवून. कोरलेले नंबर लिहून घ्या. सागवान असलं तरी सिमेंटच्या जमिनीवर पावसाळ्यात ओल धरतं आणि वाकतं. खाली फळी, भिंतीपासून चार बोटं अंतर. बारीक भुकटी पडत असेल तर कीड लागली आहे. तो जॉब बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा. एक गोष्ट कटाक्षाने तपासा: धंद्यात पॅटर्न बहुधा गिऱ्हाईकाच्या मालकीचं असतं. नंबरावरून कुठला कारखाना ते कळलं तर मांडण्याआधी एक फोन करा. आजकाल आकुंचनाचा हिशोब कॉम्प्युटर करतो आणि मशीन पॅटर्न कापतं, त्यामुळे बहुतेक जण आनंदाने 'ठेवा' म्हणतील.

प्रश्न : लोखंडी ट्रंकेत खाली दहा-बारा निमुळते लाकडी ठोकळे आहेत, मुठीएवढ्यापासून ते वीतभर लांब. हलकं, हलक्या प्रतीचं लाकूड आहे. सोबत पाचराही आहेत. आई म्हणते बंबात घाल. खेळणी असतील का? (मुलगा)

उत्तर : बंबात घालू नका. जहाजाला भोक पडलं तर ते बुजवायचे बूच आहेत. जहाजावरच्या शिपराइटचं पहिलं काम मेज-कपाट करणं नाही, जहाज तरंगतं ठेवणं. तोफगोळ्याचा तुकडा लागला, जोड फुटला, पाइप तुटला की भोकात ताबडतोब लाकडी बूच ठोकायचं. लाकूड मुद्दाम हलकं, मऊ घेतात. पाणी प्यायलं की ते फुगतं आणि भोकात आवळून बसतं. साग इतका फुगत नाही. बुचांना रंग किंवा व्हार्निश कधी लावत नाहीत, कारण रंग पाणी आत जाऊ देत नाही आणि बूच फुगत नाही. ठोकण्याआधी त्याला कापड गुंडाळतात, म्हणजे भोकाच्या वेड्यावाकड्या कडा पकडतात. तुमच्या ठोकळ्यांत काही गोल आणि काही चौकोनी निमुळते असतील. चौकोनी जास्त घट्ट धरतात.

पाचरांचं कामही तेच. पाण्याच्या दाबाने आतली भिंत, म्हणजे बल्कहेड, फुगायला लागली की तिला टेकू देतात आणि टेकूखाली दोन पाचरा समोरासमोर ठोकून ताण आणतात. एकच पाचर ठोकली तर टेकू एका बाजूला सरकतो. टेकूची लांबी त्याच्या जाडीच्या तीसपटीहून जास्त ठेवत नाहीत: दहा सेंटिमीटर जाडीचा टेकू तीन मीटरपर्यंतच. त्यापुढे तो दाबाखाली धनुष्यासारखा वाकतो.

तेव्हा आईंना सांगा, याला तेल नाही, मेण नाही, वार्निश नाही. धूळ झाडायची आणि लहानमोठे असे क्रमाने मांडायचे. शेजारी एका काचेच्या भांड्यात मऊ लाकडाचा एक नवा तुकडा (अण्णांचा नव्हे!) रात्रभर पाण्यात ठेवा आणि आधीचं-नंतरचं माप चिठ्ठीवर लिहा. पोरांना दहा मिनिटांत कळेल आजोबा काय करायचे ते.

प्रश्न : आजोबांचा जहाजावरचा एक फोटो आहे, मागे झेंड्यावर मोठा लाल क्रॉस दिसतो. कॉलेजातला मित्र म्हणाला हा इंग्रजांचा झेंडा. पण आजोबा तर १९६१ ला भरती झाले. फोटो दुसऱ्या कुणाचा आहे का? (नात, बी.ए. च्या दुसऱ्या वर्षाला)

उत्तर : फोटो आजोबांचाच असू शकतो. झेंड्याचा वरचा, काठीजवळचा कोपरा बघ. तिथे तिरंगा असेल तर तो भारतीय नौदलाचा आहे. २६ जानेवारी १९५० ला रॉयल इंडियन नेव्हीची इंडियन नेव्ही झाली, कोपऱ्यातला युनियन जॅक गेला आणि तिरंगा आला, पण लाल क्रॉस तसाच राहिला. तो थेट २००१ पर्यंत होता. २००१ ला काढला, २००४ ला मध्ये अशोकचिन्ह घालून परत आणला, २०१४ ला त्याखाली 'सत्यमेव जयते' आलं आणि २ सप्टेंबर २०२२ ला क्रॉस कायमचा गेला. आताच्या झेंड्यावरचा अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. म्हणजे क्रॉसच्या मध्ये अशोकचिन्ह नसेल तर तुझा फोटो १९५० ते २००१ मधला. जहाजाच्या पुढच्या टोकाला नुसता तिरंगा दिसला तर गोंधळू नकोस. जहाज बंदरात उभं असताना पुढे तिरंगा आणि मागे नौदलाचा झेंडा असतो.

आता अंतर आणखी कमी कर. जहाजाच्या बाजूला मोठा नंबर दिसतो का? आर ११ असेल तर विक्रांत. ती ४ मार्च १९६१ ला नौदलात दाखल झाली आणि ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. नव्या विक्रांतचाही नंबर आर ११ च आहे, म्हणून इंटरनेटवरचे फोटो शेजारी ठेवून ताडताना जपून. सी ६० असेल तर ती क्रूझर म्हैसूर. आजोबांची टोपी बघ: गोल, काठ नसलेली की पुढे छज्जा असलेली? बढतीबरोबर टोपी आणि बाहीवरचं चिन्ह बदलतं, त्यामुळे दोन फोटोंपैकी कुठला आधीचा ते ठरतं.

मग पदकांशी जुळव. १९७१ च्या युद्धात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरच्या विमानांनी ४ डिसेंबरपासून कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. त्या वेळी तिच्यावर असलेल्याकडे 'पूर्वी स्टार' हे पूर्व आघाडीचं पदक असायला हवं. कराचीच्या बाजूच्या जहाजांवरच्यांना 'पश्चिमी स्टार'. फोटो एक सांगतो आणि पदक दुसरं, असं झालं तर घाबरू नकोस. मधे बदली झालेली असते. पण चिठ्ठीवर तर्क आणि खात्री वेगवेगळ्या लिही. 'विक्रांतवर, १९७१' असं खात्रीशीर वाक्य सर्व्हिस रेकॉर्ड हातात आल्यावरच लिहायचं.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नकोस, वरचा थर काचेवरच राहील. काचेसकट स्कॅन कर, ६०० डीपीआयला. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उठते.

प्रश्न : पदकं काळी पडली आहेत. गुजरीत ओळखीचे सराफ आहेत, उजळून देतो म्हणाले. मग लाल मखमलीवर चिकटवून फ्रेम करायची आहे. (मुलगा)

उत्तर : सराफ कितीही घरचे असले तरी नको. ही सराफांची चूक नाही, वस्तूच वेगळी आहे. पदकाची सगळी किंमत त्याच्या कडेवर आहे. गोल पदकाच्या काठावर आणि तारकेच्या मागच्या बाजूला सहसा सर्व्हिस नंबर, हुद्दा आणि नाव असतं. अक्षरं बारीक आणि उथळ असतात. बफ फिरवला की आधी तीच जातात. ब्रासो, चिंच-मीठ, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, सगळं तसंच. नौदलात पितळ रोज चकचकीत लागतं, त्यामुळे अण्णांनी स्वतःच कधी घासलं असेल. तो त्यांचा हात. आपण आता थांबायचं.

सुती हातमोजे घाला, नसतील तर हात धुऊन पूर्ण कोरडे करा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. काठ तिरक्या उजेडात धरा, म्हणजे अक्षरं सावलीने उठून दिसतात, आणि मोबाइलने जवळून फोटो घ्या. नंबर लगेच वहीत उतरवा, पुढच्या प्रश्नात तोच लागणार आहे. सगळीकडे सारखा काळपट-तपकिरी थर असेल तर तो असू द्या, तो धातूला सांभाळतो. हिरवट भुकटी दिसली तर मात्र बांबूच्या दातकोरणीने अलगद काढा आणि पदक कोरड्या डबीत सिलिका जेलबरोबर ठेवा. ओल मिळाली तर ती भुकटी परत येते.

फितीवरचा क्रम बदलू नका. पदकं ठरलेल्या क्रमानेच लावलेली असतात, दिसायला छान म्हणून मोठं मधे आणायचं नाही. फीत विरली असेल तर नवी ३२ मिमी रुंदीची मिळते, पण जुनी टाकू नका, पाकिटात घालून मागे ठेवा. चिकटवणं तर नकोच. सुती कापडावर फितीच्या मागून दोन टाके घाला. लोकरीचं कापड आणि फेल्ट टाळा, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. प्लायवुडची बंद पेटी टाळा, त्यातून आम्ल वाफा येतात. अॅल्युमिनियमची फ्रेम घ्या आणि पदक काचेला टेकणार नाही एवढी जागा ठेवा. कोल्हापुरातला जून ते सप्टेंबर लक्षात घेऊन फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नका. पावसाळ्यात ती भिंत गार आणि दमट राहते.

प्रश्न : वडिलांची नौदलातली कागदपत्रं पुरात गेली. ते कुठल्या जहाजांवर होते ते कसं कळेल? (शिरोळ तालुक्यातील वाचक)

उत्तर : नौसैनिकांची नोंद ब्यूरो ऑफ सेलर्स, चीता कॅम्प, मानखुर्द, मुंबई इथे असते. अधिकारी असतील तर दिल्लीचं नौदल मुख्यालय. अर्ज पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावाने करा आणि त्यात पूर्ण नाव, सर्व्हिस नंबर, जन्मतारीख, भरती आणि निवृत्तीचं साधारण वर्ष लिहा. सोबत मृत्यूचा दाखला, अर्जदाराचं ओळखपत्र, नात्याचा पुरावा आणि असल्यास पेन्शन पेमेंट ऑर्डरची प्रत. नंबर आठवत नसेल तर तो तीन ठिकाणी सापडतो: पदकाच्या काठावर, पेन्शनच्या कागदावर आणि बँकेच्या पेन्शन खात्याच्या जुन्या पत्रव्यवहारात. पदकंही वाहून गेली असतील तर बँकेपासून सुरुवात करा.

'सगळी माहिती द्यावी' असं लिहिलं तर उत्तर मोघम येतं. नेमकं मागा: कुठल्या जहाजावर किंवा तळावर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ट्रेडचे कुठले कोर्स केले, कुठली पदकं देय होती. शिपराइटच्या कोर्सपुढे विशाखापट्टणमचं विश्वकर्मा दिसू शकेल, इंजिनवाल्यांना लोणावळ्याचं शिवाजी, विजेवाल्यांना जामनगरचं वलसुरा. ही जहाजं नाहीत, किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण संस्था आहेत, पण नावापुढे आयएनएस असल्याने घरचे लोक 'शिवाजी जहाजावर होते' असं लिहून बसतात.

अर्ज कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून घ्या. तिथे मजकूर तपासून मिळतो आणि पुढे पाठवायला मदत होते. आणि एक गोष्ट रेकॉर्डच्याही आधी: आई असतील तर त्यांचं नाव पेन्शन ऑर्डरमध्ये बरोबर आहे ना, जन्मतारीख आधारशी जुळते ना, ते त्याच फेरीत बघून घ्या. नावातल्या एका अक्षरापायी कुटुंब पेन्शन अडकते.

प्रश्न : डिस्चार्ज सर्टिफिकेट लॅमिनेट करावं का? (गडहिंग्लज)

उत्तर : नाही. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही, आणि आतली ओल कागद आतल्या आत पिवळा करते. गंजलेल्या टाचण्या काढा, सेलोटेप लावू नका, ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. वास येणारी मऊ प्लॅस्टिकची फाइल नको, तिला शाई चिकटते.

प्रश्न : अण्णांच्या पटाश्या, रंधे गंजले आहेत. माझा धाकटा सुतारकाम शिकतोय. हत्यारं शोभेला ठेवू की त्याला देऊ? (मुलगी, दुसरं पत्र)

उत्तर : दोन्ही करा, पण आधी वेगळी करा. ज्या हत्यारावर अण्णांची आद्याक्षरं ठोकलेली आहेत किंवा मूठ त्यांच्या हाताने झिजलेली आहे, ती दोन-तीन जशीच्या तशी ठेवा. रंध्याची मूठ हातात धरून बघा. अंगठ्याच्या बुडाला जिथे खळगा पडलाय आणि लाकूड गडद, गुळगुळीत झालंय, तिथे तीस वर्षांचा घाम मुरला आहे. ओल्या पिळलेल्या फडक्यापलीकडे तिथे काही लावायचं नाही, पॉलिशपेपर तर नाहीच. कोल्हापूरला ही रीत नवी नाही. खरी कॉर्नरला चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या आठवणीत कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. ज्या घरात सुतारकाम होतं त्या घरातल्या माणसाने स्वतः घडवलेला कॅमेरा, म्हणून आठवण त्या वस्तूची.

बाकीची हत्यारं कामाला लावा. हलका गंज असेल तर शिलाई मशीनचं तेल आणि सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल. खोबरेल किंवा शेंगतेल लावू नका, ते महिन्याभरात चिकट होतं आणि धूळ धरतं. जाड पापुद्रे असतील तर पातं मुठीपासून सोडवा आणि साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा. दर चार तासांनी बघा, बहुधा बारा तासांत काम होतं. चोवीस तासांपुढे चांगलं पोलादही खायला लागतं. काढल्यावर लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं ठेवा, नाहीतर राहिलेलं आम्ल दुसऱ्या दिवशी परत गंज चढवतं. लगेच पुसा, उन्हात किंवा हेअर ड्रायरने कोरडं करा, गरम असतानाच तेल. मुठी कोरड्या पडल्या असतील तर रंगाच्या दुकानातलं बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) पातळ पुसा, आणि ते फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेतो. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा.

आता धाकट्यासाठी. पेटीत काही लांब, पातळ पटाश्या असतील, एखादीची मान वाकडी असेल. त्या हाताने दाबून तासायच्या आहेत, त्यांच्यावर मोगरी कधीच मारायची नाही, पातं मुठीजवळ मोडेल. गोल पटाश्यांची धार बघा: साध्या सुताराची धार बाहेरून असते, पॅटर्नवाल्याची बहुधा आतून. आतून धार असली की पटाशी सरळ खाली उतरते आणि कोअर बॉक्सचा गोलावा अचूक येतो. कुणी अनोळखी धारवाल्याने ती 'नीट करून' बाहेरून घासली तर पटाशी त्या कामातून गेली. आतली धार गोल कडेच्या छोट्या दगडाने लावतात. तो दगड पेटीतच असेल, बहुधा तेलकट कापडात गुंडाळलेला. खडा समजून टाकू नका. सरळ पटाशीला २५ अंशाची धार आणि टोकाला ३० अंशाचा बारीक दुसरा काप, तासायच्या पातळ पटाशीला त्याहून कमी. पाठ आधी दगडावर सपाट करायची. पाठ सपाट नसेल तर धार कितीही लावली तरी ती टिकत नाही.

पहिले पंधरा दिवस त्याला पाइनच्या तुकड्यावर काम करू द्या, सागावर नंतर. पहिलं काम म्हणून १०० मिमी उंचीचा साधा ठोकळा करायला सांगा. माप अण्णांच्या श्रिंकेज स्केलने घ्यायचं, चारी बाजूंना एक अंश उतार द्यायचा. झाल्यावर साध्या पट्टीने मोजायला लावा. उंची १०१ भरली आणि वरची बाजू खालच्यापेक्षा साडेतीन मिमीने अरुंद निघाली, तर हात बसायला लागला.